ऑइल सील बदललं, तरी पुढचा फोर्क पुन्हा गळतोय

माझ्या मोटरसायकलच्या डाव्या फोर्कचं (पुढचं चाक धरणाऱ्या शॉक ॲब्सॉर्बरचं) ऑइल सील चार महिन्यांत तीनदा बदललं. पहिल्यांदा एका गॅरेजात, दुसऱ्यांदा घरी मी स्वतः, तिसऱ्यांदाही मीच. पहिलं अडीच महिने टिकलं, दुसरं बारा दिवस. तिसऱ्याला आता वर्ष होत आलं आणि पाइप कोरडा आहे. तिन्ही सील एकाच मापाची आणि एकाच कंपनीची होती, म्हणजे खोट सीलमध्ये नव्हतीच.

फोर्क परत गळायला लागला की 'सील डुप्लिकेट निघालं' हे उत्तर सगळ्यांच्या तोंडावर तयार असतं. निघतंही कधी कधी. पण सील म्हणजे शेवटी रबराची एक पातळ ओठासारखी कड, तिला पाइपवर दाबून धरणारं बारीक स्प्रिंगचं कडं आणि आत लोखंडी रिंग. ही कड दिवसभर ज्या पाइपवर घासते तो पाइप कसा आहे, सील बसवताना त्याचं काय झालं आणि आत तेल किती भरलं, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. माझ्या बाबतीत या तिन्ही ठिकाणी गडबड होती.

पुढे गोंधळ नको म्हणून नावं ठरवून घेऊ. फोर्कची डावी-उजवी प्रत्येक बाजू म्हणजे एकेक पाय. वरून टीमध्ये (हँडलखालच्या, दोन्ही पाय धरणाऱ्या वरच्या-खालच्या आडव्या पकडीत) पकडलेला, चकचकीत क्रोमचा तो पाइप. खाली चाकाला धरणारी, ॲल्युमिनियमची जाड नळी ती बॉटम केस. केसच्या तोंडाशी वर डस्ट सील, त्याखाली तारेचा लॉक, त्याखाली ऑइल सील. आत स्प्रिंग आणि छिद्रांची डॅम्पर दांडी. बीएमडब्ल्यूने १९३५ साली आर १२ ला तेलाचं डॅम्पिंग (उसळी आवरण्याची सोय) असलेला टेलिस्कोपिक फोर्क दिला, आणि रोजच्या वापरातल्या बहुतेक गाड्यांवर मूळ कल्पना आजही तीच आहे. उलटे फोर्क, म्हणजे ज्यात जाड नळी वर आणि पाइप खाली असतो, त्यांची आतली रचना वेगळी असते. त्यातल्या कार्ट्रिजला (डॅम्पिंगच्या आतल्या जोडणीला) हात लावण्याआधी त्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल लागतंच. इथे मी सरळ फोर्कबद्दलच बोलतोय.

आधी गळती नेमकी कुठून

तेल दिसलं म्हणजे सीलच गेलं असं नाही. वरच्या टोपीची ओ-रिंग सुकली असेल तर तेल पाइपवरून सावकाश ओघळतं, डस्ट सीलवर येऊन थांबतं, आणि दिसायला अगदी सील गेल्यासारखंच दिसतं. केसच्या तळाशी एलन बोल्ट असतो, त्याखाली तांब्याचं वॉशर. ते जुनंच परत वापरलं असेल तर थेंब तळातून पडतो. काही गाड्यांना बाजूला तेल काढायचा छोटा स्क्रू असतो, तोही पाझरतो. ज्या पायावर ब्रेकचा कॅलिपर (पॅड धरणारा भाग) आहे तिथे ब्रेकचं तेलसुद्धा असू शकतं. ब्रेक ऑइल रंग खातं, रंग फुगतो किंवा मऊ पडतो. फोर्कचं तेल तसं करत नाही.

दोन्ही पाय वरपासून खालपर्यंत धुवा, कोरडे पुसा. टोपीभोवती, डस्ट सीलच्या वर आणि तळाच्या बोल्टखाली टिश्यू पेपरची एकेक पट्टी रबरबँडने बांधा. पुढचा ब्रेक धरून गाडी पंधरा-वीस वेळा जोरात दाबा आणि रात्रभर सोडून द्या. सकाळी कुठली पट्टी ओली ते बघा. पाइपवर बोट फिरवल्यावरच कळेल इतका ओलसरपणा चालतो, किंबहुना तो हवाच, नाहीतर सील कोरडं घासून मरेल. पण डोळ्यांना दिसणारं तेलाचं कडं, त्यात चिकटलेली धूळ, किंवा ओघळ असेल तर फोर्क उघडायचा.

एक गोष्ट मात्र थांबू शकत नाही. तेल डिस्कवर किंवा पॅडवर पोचलं असेल तर गाडी उभी करा. डिस्क ब्रेक क्लीनरने साफ होते. पॅडमध्ये तेल मुरतं आणि तापलं की परत बाहेर येतं, त्यामुळे पॅड घासून वाचवायचा मोह टाळा आणि नवे टाका.

उघडण्याआधी एक स्वस्तातला प्रयत्न

चिखलातून गाडी काढली आणि दुसऱ्या दिवशी अचानक गळायला लागली, असं असेल तर बऱ्याचदा सील फाटलेलं नसतं. कडेखाली वाळूचा एखादा कण अडकलेला असतो. डस्ट सील हलक्या हाताने उचकटून पाइपवर वर सरकवा. फोटोच्या जुन्या फिल्मची किंवा तितक्याच पातळ, लवचिक प्लास्टिकची पट्टी घ्या, टोकाला छोटा आकडा कापा, कडा गुळगुळीत करा. तेल लावून ती पट्टी पाइप आणि सीलच्या मध्ये खाली सरकवा आणि पूर्ण गोल फिरवून वर ओढा. काळा गाळ निघतो. पुसा, गाडी चार वेळा दाबा, परत फिरवा. पट्टी स्वच्छ येईपर्यंत हेच. स्टीलचा फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) किंवा पेचकस इथे वापरू नका, कड कापली जाते. आठवडाभर कोरडं राहिलं तर काम झालं. परत ओलं झालं तर पुढचं वाचा.

पाइप बघा, आणि हाताने बघा

गॅरेजात पहिलं सील बदललं तेव्हा पाइपकडे कुणी बघितलं नव्हतं. बघितलं असतं तरी दिसलं नसतं, कारण लांबून तो आरशासारखा होता. तिसऱ्या वेळी मी सील काढायच्या आधी त्याच्या पुढच्या बाजूला पांढऱ्या मार्करने खूण केली. सगळ्या कामात हीच खूण सर्वांत उपयोगी पडली. सील बाहेर काढून भिंगाखाली धरलं तर आतल्या कडेवर एकाच जागी बारीक खाच होती, आणि ती खाच बरोबर पांढऱ्या खुणेच्या रेषेत. म्हणजे कापणारी वस्तू पाइपच्या पुढच्या अंगालाच असणार.

मग कापसाचा छोटा बोळा घेतला. पाइप कोरडा, तेल पूर्ण पुसलेलं. बोळा न दाबता, नुसता टेकवून, वरून खाली आणलं. तीनदा काहीच नाही. चौथ्यांदा, डस्ट सीलच्या जागेपासून दोन बोटं वर, कापसाचा एकच तंतू मागे राहिला आणि फुंकर मारली तर जागच्या जागी हलत राहिला. नखाला काहीही लागत नव्हतं. भिंगातून बघितलं तर टाचणीच्या टोकाएवढा काळा खड्डा आणि त्याच्या एका काठाला क्रोमचा उचललेला पापुद्रा. गाडी एका खड्ड्यातून गेली की हा पापुद्रा सीलच्या कडेवरून एकदा खाली, एकदा वर जातो. आणि प्रत्येक वेळी तो खड्डा तेलाचा एक सूक्ष्म थेंब भरून बाहेर आणतो. अडीच महिने टिकलं याचंच आश्चर्य.

पुढच्या चाकाने उडवलेले खडे आणि डस्ट सीलवर साचणारं पाणी, यामुळे असे खड्डे बहुतेक याच पट्ट्यात पडतात. पाइपवरचा प्रत्येक डाग मात्र गुन्हेगार नसतो. पाइपला डस्ट सीलच्या लगेच वर एक केबल टाय सैलसर बांधा, नेहमीच्या रस्त्यावर चक्कर मारा, एकदोनदा पुढचा ब्रेक जोरात दाबा. टाय सरकत जिथे जाऊन थांबेल तिथपर्यंतच सील पोचतं. त्याच्या वरचा गंज दिसायला वाईट, पण गळतीशी त्याचा संबंध नाही. फोर्क पूर्ण ताणला की खालचा आणखी थोडा पाइप बाहेर येतो, तोही तपासायचा. पाइपवर रबरी गेटर (घड्यांची आवरणं) असतील तर ते वर करून बघा. गेटरखाली पाणी अडकून गंज धरलेला असतो आणि वर्षभर कुणाला पत्ता नसतो.

खड्डा एखाददुसराच असेल तर घरी जमतं. पाण्यात भिजवलेला दीड हजार नंबरचा, मग दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर घेऊन फक्त उचललेला काठ मारायचा. पेपर पाइपभोवती गोल फिरवा, कधीही उभा घासू नका. उभी ओरखड्याची रेघ म्हणजे तेलाला बाहेर जायला नालीच. काठ गेल्यावर खड्डा तेलमुक्त करून त्यात दोन भागांचं मेटल इपॉक्सी टाचणीने भरलं, चोवीस तास सुकू दिलं आणि परत दोन हजारच्या पेपरने पाइपच्या पातळीत आणलं. कापूस आता अडकत नाही. हे कायमचं आहे असं मी म्हणणार नाही. इपॉक्सी कधीतरी निघेल. पण पाच-सहा खड्डे एकमेकांजवळ असतील, किंवा क्रोमखाली गंज पसरून फोड आले असतील, तर पेपर आणि इपॉक्सीत वेळ घालवू नका. पाइप नवा घ्या किंवा जुन्यावर हार्ड क्रोम चढवून ग्राइंड करून आणा. अशा पाइपवर किती का सील चढवा, ती जातच राहणार.

वाकलेला पाइप हा दुसरा छुपा शत्रू. गाडी कधी समोरून आपटली असेल तर खालच्या टीच्या लगेच खाली पाइपला किंचित बाक येतो. सुटा पाइप जाड सपाट काचेवर लोळवा आणि मागे दिवा धरा. उजेडाची फट उघडझाप करत असेल तर बाक आहे. नीट मोजायचं तर दोन व्ही ब्लॉकवर (व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यांवर) ठेवून डायल गेज लावायचा. बऱ्याच मॅन्युअलमध्ये ०.२ मिमी ही मर्यादा दिलेली असते. डायलचा काटा एका फेरीत जेवढा एकूण फिरतो त्याच्या निम्मा खरा बाक, हे लक्षात ठेवून मॅन्युअल नेमकं कुठलं माप सांगतंय ते वाचा.

आणि बुश, म्हणजे केसमध्ये पाइपला सरळ धरणारं कडं. पाइप केसमध्ये ढिला खेळत असेल तर सीलची कड एका बाजूला दबते, दुसरीकडे उघडते. स्प्रिंग काढलेल्या फोर्कमध्ये पाइप पूर्ण बाहेर ओढून आडवा हलवून बघा, शेजारच्या पायाशी तुलना करा. काही फोर्कमध्ये बदलता येणारे बुश असतात, लहान गाड्यांमध्ये बहुधा केसचं ॲल्युमिनियमच बेअरिंगचं काम करतं आणि ते झिजलं की केसच बदलावी लागते.

माझं बारा दिवसांचं सील

घरी केलेल्या पहिल्या कामात मी काय काय केलं ते सांगतो, कारण यातली एकही चूक दुर्मीळ नाही.

जुनं सील चपट्या पेचकसने उचकटलं, टेकू केसच्या काठाचा घेतला. ॲल्युमिनियम मऊ असतं. सील जिथे बसतं त्या भिंतीवर ओरखडा उठला. अशा ओरखड्यातून तेल सीलच्या आतून नाही, बाहेरच्या अंगाने येतं, आणि नवं सील काहीही करू शकत नाही. नशिबाने माझा ओरखडा काठापाशीच संपला होता. पेपर गोल फिरवून तो गुळगुळीत केला.

दुसरं, सील पाइपच्या उघड्या टोकावरून तसंच ओढून घेतलं. त्या टोकाची धार बोटाला लागते एवढी तीक्ष्ण होती. तिसरं, सील आत बसवायला पेचकसाचं टोक ठेवून चारी बाजूंनी हातोडीने ठोकलं. एक बाजू आधी गेली, दुसरी वर राहिली, मग ती ठोकली. बाराव्या दिवशी ते सील काढलं तेव्हा आतलं स्प्रिंगचं कडं एका जागी खाचेतून बाहेर आलेलं होतं. आणि चौथं, तेल जास्त झालं होतं. त्याचा हिशेब खाली येतोच.

आता काम

गाडी उचलण्याआधी तीन गोष्टी. वरच्या टीच्या वर पाइप किती मिलिमीटर बाहेर आहे ते मोजून लिहून ठेवा. वरच्या टीचा पकड-बोल्ट सैल करा आणि मगच टोपी पाव फेरी ढिली करा. पकड घट्ट असताना टोपी सोडवायला गेलात तर आटे जातात, आणि फोर्क बाहेर काढल्यावर टोपी सोडवायची म्हटली तर पाइप धरायला काही नसतं. तळाच्या एलन बोल्टपर्यंत हात पोचत असेल तर तोही आत्ताच थोडा सैल करून बघा. स्प्रिंग आत दाबलेली असताना डॅम्पर दांडी सहसा फिरत नाही.

मग इंजिनखाली भक्कम टेकू, पुढचं चाक अधांतरी. हँडलवर जोर देऊन गाडी पडणार नाही याची खात्री करा. कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेने टांगा. दोन पॅडच्या मध्ये लाकडाची चकती सरकवा, म्हणजे चुकून ब्रेक दाबला गेला तरी पिस्टन बाहेर येणार नाहीत. चाक आणि मडगार्ड काढणं सोपं आहे, त्यावर वेळ घालवत नाही. एका वेळी एकच पाय खोला, दुसरा नमुन्याला राहू द्या.

टोपीखाली स्प्रिंग दाबलेली असते. शेवटचे दोन आटे सुटताना तळहाताने टोपी खाली दाबून धरा आणि तोंड बाजूला ठेवा. काही लहान गाड्यांमध्ये आट्यांची टोपी नसते, झाकण आणि तारेची रिंग असते. तिथे एकाने झाकण आत दाबायचं आणि दुसऱ्याने रिंग काढायची. हे एकट्याने करू नका. वॉशर, नळकांडं, स्प्रिंग ज्या क्रमाने आणि ज्या दिशेने निघतील तसेच फडक्यावर मांडा. स्प्रिंगचे वेढे एका टोकाला दाट, दुसऱ्याला विरळ असतील तर कुठलं टोक वर होतं ते तिथेच लिहा.

जुनं तेल ओतून काढताना भांड्यात बघा. राखाडी, चमचमणारं तेल म्हणजे ॲल्युमिनियम झिजतंय. दुधाळ म्हणजे पाणी गेलंय. काळे पातळ कपचे म्हणजे बुशवरचा थर निघतोय. सील बदलून हे तिन्ही आजार बरे होत नाहीत.

आता तो तळाचा बोल्ट. बहुतेक जण इथेच अडकतात, कारण बोल्टाबरोबर आतली दांडीही गरगर फिरते. आधी बोल्टाच्या षटकोनी खड्ड्यातली माती टोकदार वस्तूने पूर्ण काढा, एलन की आत बसवून वर हातोडीचा एक ठोका द्या. अर्धवट बसलेल्या कीने खड्डा गोल झाला की काम दहापट वाढतं. दांडी फिरत असेल तर स्प्रिंग आणि टोपी परत घाला, कुणाला तरी फोर्क दाबून धरायला सांगा आणि की झटक्याने फिरवा. तेवढ्याने नाही झालं तर लाकडी दांड्याचं टोक निमुळतं तासून पाइपमधून खाली सोडा, डॅम्पर दांडीच्या माथ्यात ठोकून रुतवा आणि ते धरून ठेवा. इम्पॅक्ट रेंच असेल तर दोन सेकंदांत निघतो, पण हाताशी नसेल तर लाकूड पुरतं. माझा लाकडानेच निघाला.

बुश असलेल्या फोर्कमध्ये लॉक काढून पाइप जोरात बाहेर झटकत राहिलं की सील आणि बुश सोबतच बाहेर येतात. बुश नसलेल्यात पाइप नुसता निघतो आणि सील केसमध्येच राहतं. तिथे सील पुलर वापरा, टेकूखाली लाकडाची पट्टी आणि जाड फडकं ठेवून. केस बाहेरून हॉट एअर गनने गरम केली तर सील बरंच सैल पडतं. ज्योत मात्र नको, आत तेल आहे. लॉकच्या खाचेतला गंज ब्रशने काढा, कारण लॉक पूर्ण बसलाच नाही तर सील वर सरकू शकतं.

सील बसवताना

नव्या सीलवरचे आकडे वाचा. ३३ × ४६ × ११ लिहिलं असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि उंची, सगळं मिलिमीटरमध्ये. पहिला आकडा तुमच्या पाइपच्या व्यासाइतकाच हवा. व्हर्नियर कॅलिपरने मोजून घ्या. उंची थोडी जास्त असेल तर लॉक बसत नाही, कमी असेल तर सील खेळतं.

पाइप, दांडी, नवं तांब्याचं वॉशर आणि तळाचा बोल्ट आधी जोडून घ्या. बोल्टाला थ्रेड लॉकरचा (आटे धरून ठेवणाऱ्या द्रवाचा) एक थेंब, आणि मॅन्युअलमध्ये दिलेला टॉर्क (आवळायचा जोर). बुश असेल तर तो सीलच्या आधी. मग पाइपच्या टोकावर पातळ प्लास्टिकची पिशवी ताणून घाला, तिला फोर्क ऑइल चोळा आणि सील तिच्यावरून खाली घ्या. स्प्रिंगचं कडं दिसणारी बाजू खाली, तेलाकडे. आकडे छापलेली बाजू वर, तुमच्याकडे. उलटं बसवलेलं सील पहिल्याच दिवशी गळतं.

ठोकायला जुनं सील उपयोगी पडतं. नव्यावर ते उलटं ठेवा आणि त्यावर पाइपवरून सरकणारा पीव्हीसीचा तुकडा, ज्याची भिंत सीलच्या लोखंडी कडेवर टेकेल. क्रोमला ओरखडे पडू नयेत म्हणून पीव्हीसीची आतली कड घासून घ्या. मग सरळ, छोटे ठोके. कानाने ऐका. सील उतरत असतं तोवर आवाज बद्द येतो, प्रत्येक ठोक्याला काहीतरी दबतंय असा. तळाला टेकलं की तोच ठोका टणक वाजतो आणि हातोडी हाताला उसळी देते. त्यानंतर एकही ठोका नको. जुनं सील काढा आणि लॉकची खाच गोल फिरवून बघा. पूर्ण खाच सारख्या रुंदीची दिसली पाहिजे. एका बाजूला निमुळती दिसत असेल तर सील तिरपं आहे. लॉक बसल्यावर हाताने फिरवून बघा, मग डस्ट सीलच्या आत थोडं सिलिकॉन ग्रीस लावून ते दाबा. पेट्रोलने रबर पुसू नका.

तेल जास्त म्हणजे काय होतं

'थोडं जास्त टाकलं तर फोर्क कडक होतो, चांगलंच की' हे मीही म्हणायचो. फोर्कमध्ये तेलाच्या वर जी हवा उरते तीही स्प्रिंगसारखीच दबते. समजा फोर्क पूर्ण दबल्यावर आत ८० मिलि हवा उरायला हवी, आणि पूर्ण ताणापासून पूर्ण दाबापर्यंत जागा ८० मिलिने घटते. म्हणजे १६० ची हवा ८० मध्ये मावते, दाब दुप्पट. त्यात तुम्ही ४० मिलि तेल जास्त ओतलंत तर १२० ची हवा ४० मध्ये कोंबली जाते, दाब तिप्पट. प्रत्येक मोठ्या खड्ड्याला हा दाब सीलच्या कडेवर येतो.

माझ्याकडून जास्त तेल गेलं ते कसं? मॅन्युअलमध्ये पूर्ण सुट्या, कोरड्या फोर्कसाठी एक माप असतं आणि नुसतं तेल बदलण्यासाठी दुसरं, थोडं कमी, कारण ओतूनही आत तेल चिकटून राहतं. मी फोर्क नुसता उपडा करून निथळला आणि कोरड्याचं माप ओतलं. म्हणून आता मी मिलिलिटरवर विसंबत नाही, पातळी मोजतो. स्प्रिंग बाहेर, पाइप पूर्ण खाली, फोर्क उभा. तेल ओता, पाइप सावकाश आठ-दहा वेळा वरखाली करा, सुरुवातीला तो मोकळा जाईल, मग सारखा विरोध जाणवेल. दहा मिनिटं थांबा म्हणजे बुडबुडे वर येतील. मग पाइपच्या काठापासून तेलापर्यंतचं अंतर मोजा. सिरिंजला बारीक नळी लावून त्या अंतरावर खूण केली की जास्तीचं तेल आपोआप ओढून घेता येतं. दोन्ही पायांत पातळी तंतोतंत सारखी हवी. स्प्रिंग घातल्यावर पाइप पूर्ण वर ओढून मगच टोपी लावा.

जाड तेलाने गळती थांबते, हा सल्ला ऐकू नका. फाटलेल्या कडेतून जाडही येतं, फक्त सावकाश, आणि तोवर पुढचं चाक खड्ड्यांवर दगडासारखं आपटत राहतं. मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू (तेलाच्या दाटपणाचा दर्जा) लिहिलं असेल तर तेच. कंपनी बदलणार असाल तर डब्यावरचा हा आकडा पुरेसा नाही, दोन कंपन्यांचं १०डब्ल्यू सारखं दाट असेलच असं नाही. ४० अंश तापमानाचा सेंटिस्टोकमधला (दाटपणाच्या एककातला) आकडा जुळवा. इंजिन ऑइल तर नकोच.

परत जोडताना एक गोष्ट

फोर्क लिहून ठेवलेल्या उंचीवर टीमध्ये पकडा, टोपी आणि टी घट्ट करा, चाक बसवा. पण ॲक्सलचा (चाकाच्या आसाचा) पकड-बोल्ट लगेच आवळू नका. ॲक्सलचा नट टॉर्कला आवळा, गाडी जमिनीवर घ्या, आधी ब्रेक लिव्हर दाबून दाबून पॅड जागेवर आणा, मग पुढचा ब्रेक धरून फोर्क सात-आठ वेळा खोल दाबा. दोन्ही पाय आपापल्या समांतर जागी येतात. त्यानंतर पकड-बोल्ट. तो आधी आवळला तर एक पाय बाजूला ओढलेला राहतो, फोर्क अडखळत चालतो आणि सीलची एकच बाजू झिजते. एकाच पायाचं सील वारंवार जातंय आणि पाइप निर्दोष आहे, अशा गाडीत मी सर्वांत आधी इथे संशय घेईन.

पहिल्या दिवशी पाइपवर थोडं तेल दिसेल. ते बसवतानाचं असतं. पुसा आणि केबल टाय पाइपवरच राहू द्या. पन्नास किलोमीटरने परत बघा, मग दोनशेने. माझ्या पाइपवर दोनशे किलोमीटरनंतर धुळीचं एक फिकट कडं होतं, बोटाने पुसलं तर बोट कोरडंच. भिंग आणि कापसाचा बोळा अजून टूलबॉक्समध्ये आहेत. दर महिन्याला चेनला तेल देताना कापूस त्या इपॉक्सीवरून एकदा फिरवतो.